माणूस कोणी घडवला? : उत्क्रांतीच्या वादाचा धडा



आजच्या पाठाचा विषय शाळेतला असला तरी त्याची परीक्षा तुमच्या घरात होत असते. समजा, तुमची मुलगी विज्ञानाचे पुस्तक घेऊन अभ्यासाला बसली आहे. मोठ्याने वाचता वाचता ती एका ओळीवर थांबते. माणूस आणि वानर यांचे पूर्वज एकच होते, असे तिथे लिहिलेले असते. जवळच तांदूळ निवडत बसलेली आजी म्हणते, "काहीतरीच लिहितात मेले! माणसाला देवानं घडवलं." मुलगी तुमच्याकडे पाहून विचारते, "बाबा, पुस्तक खरं की आजी? आणि आपण बौद्ध झालो, तर बुद्धांनी याबद्दल काय सांगितलंय?"

अशा वेळी पुष्कळ घरांतून दोन उत्तरे ऐकू येतात. एक, "गप्प बस आणि पाठ कर." दुसरे, "आजीला काय कळतंय!" ही दोन्ही उत्तरे धम्माच्या घराला शोभणारी नाहीत. पहिल्याने मुलीची विचार करण्याची सवय मोडते, दुसऱ्याने घरातील मैत्री मोडते. आपण धर्मांतर केले ते देव्हाऱ्यातील तसबीर बदलण्यासाठी केलेले नाही. एखादी गोष्ट खरी की खोटी हे ठरविण्याची आपली रीतही बदलली पाहिजे.

शाळेत मुलांना काय शिकवावे, ईश्वराची निर्मिती की उत्क्रांती, हा वाद अमेरिकेत जवळजवळ शंभर वर्षे चालला. शाळांतून, कायदेमंडळांतून आणि न्यायालयांतून तो लढला गेला. त्याचा इतिहास नीट समजून घेतला तर आपल्या मुलीला काय सांगावे हे आपल्याला कळेल.

उत्क्रांती म्हणजे काय?

चार्ल्स डार्विन हा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ १८३१ ते १८३६ या काळात 'बीगल' नावाच्या जहाजातून जगभर फिरला. प्राणी, वनस्पती आणि खडकांत सापडणारे जुन्या जीवांचे अवशेष त्याने गोळा केले व त्यांची तुलना केली. पुढे वीस वर्षांहून अधिक काळ तो पुरावे तपासत राहिला. दरम्यान आल्फ्रेड रसेल वॉलेस हा दुसरा संशोधक स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोचला. १८५८ साली दोघांचे लेखन लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचले गेले आणि १८५९ साली जीवजातींच्या उगमावरील डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्यातील मूळ विचार शेतकरी घरातील माणसाला सहज कळेल असा आहे. बीटी कापसाच्या झाडात बोंडअळीला मारक असे द्रव्य तयार होते. आरंभी गुलाबी बोंडअळी त्याने मरत असे. परंतु लाखो अळ्यांत थोड्या अशा असतात की, ज्यांच्यावर जन्मतःच त्या विषाचा परिणाम कमी होतो. बाकीच्या मेल्या, त्या उरल्या. त्यांचीच प्रजा वाढली आणि तो गुण पुढच्या पिढीत उतरला. २०१७ साली विदर्भातील शेतकऱ्यांना बीटी कापसाच्या बोंडात हीच अळी दिसली आणि पुष्कळांचा हंगाम हातचा गेला. अळीला कोणी वर दिला नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे टिकत गेले, एवढेच घडले.

असे लहान लहान बदल साठत गेले म्हणजे दीर्घ काळाने जीवजाती बदलतात. या बदलांना पुरेल एवढा काळ निसर्गाजवळ आहे. पृथ्वीचे वय सुमारे साडेचार अब्ज वर्षे आहे. खडकांतील अवशेष, निरनिराळ्या प्राण्यांच्या हाडांची रचना आणि पेशींतील डी.एन.ए. हे तिन्ही पुरावे वेगवेगळ्या मार्गांनी मिळालेले असूनही एकच साक्ष देतात.

दोन गैरसमज मात्र काढून टाकावेत. पहिला असा की, आजच्या माकडापासून माणूस झाला. तसे विज्ञान म्हणत नाही. माणूस आणि चिंपांझी हे एकाच जुन्या पूर्वजाच्या दोन शाखा असून त्या सुमारे साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. दोन चुलत भावंडांचा आजोबा एक असतो, म्हणून एक भावंड दुसऱ्याचा बाप ठरत नाही. दुसरा गैरसमज असा की, उत्क्रांती हा 'नुसता सिद्धांत' आहे. बोलीतील इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ 'अंदाज' असाही होतो, त्यामुळे अमेरिकेत पुष्कळ घोळ झाला. आपल्या मराठीत सिद्धांत म्हणजे पुराव्याने सिद्ध होऊन ठरलेला निष्कर्ष. तोच अर्थ इथे धरावा.

डेटनचा खटला

१९२५ साली अमेरिकेच्या टेनेसी राज्याने एक कायदा केला. तो मांडणाऱ्या आमदाराच्या नावावरून त्यास बटलर कायदा म्हणतात. सरकारी शाळेत बायबलमधील निर्मितीकथा नाकारणारा आणि मनुष्य खालच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला असे सांगणारा सिद्धांत शिकविणे हा त्याने गुन्हा ठरविला. दंड शंभर ते पाचशे डॉलर.

नागरी स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेने जाहीर केले की, या कायद्याला आव्हान देणाऱ्या शिक्षकाचा खटला आम्ही लढवू. डेटन नावाच्या लहानशा गावातील काही पुढाऱ्यांनी, गावाचेही नाव होईल या हेतूने, जॉन स्कोप्स या २४ वर्षांच्या शिक्षकाला पुढे केले. जुलै महिन्यात खटला उभा राहिला. सरकारच्या बाजूने विल्यम जेनिंग्ज ब्रायन होते. त्यांनी तीन वेळा अध्यक्षपदाची निवडणूक लढविली होती. स्कोप्सच्या बाजूने क्लॅरेन्स डॅरो हे नामांकित वकील होते. देशभरातून वार्ताहर आले आणि खटल्याचे कामकाज नभोवाणीवरून ऐकविण्यात आले.

न्यायाधीशांनी शास्त्रज्ञांची साक्ष ज्यूरीपुढे येऊ दिली नाही. तेव्हा डॅरो यांनी ब्रायन यांनाच बायबलचे जाणकार म्हणून साक्षीला बोलाविले. उकाडा आणि गर्दी फार, म्हणून न्यायालय बाहेर हिरवळीवर भरले होते. सृष्टी सहा दिवसांत निर्माण झाली असे बायबल सांगते. ते दिवस चोवीस तासांचेच होते काय, असे डॅरो यांनी विचारले. तसे असेलच असे नाही, ते दीर्घ कालखंडही असू शकतील, हे ब्रायन यांना मान्य करावे लागले. ग्रंथाचे अक्षर न् अक्षर खरे मानावे असे म्हणणाऱ्या माणसालाही, प्रश्न विचारताच, अर्थ लावावा लागला. हे नीट ध्यानात घ्यावे. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी ही साक्ष कामकाजातून काढून टाकली.

ज्यूरीने सुमारे नऊ मिनिटांत स्कोप्सला दोषी ठरविले. दंड शंभर डॉलर झाला. १९२७ साली राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने दंड ठरविण्यातील तांत्रिक चुकीमुळे ती शिक्षा रद्द केली, परंतु कायदा कायम राहिला. तो १९६७ साली मागे घेतला गेला.

खरे नुकसान मात्र न्यायालयाबाहेर झाले. वाद नको म्हणून पुस्तकांच्या प्रकाशकांनी उत्क्रांतीचा भाग गुपचूप कमी केला. पुढची कित्येक वर्षे अनेक अमेरिकन मुलांना तो नीट शिकायला मिळाला नाही. १९५७ साली रशियाने पहिला उपग्रह अवकाशात सोडला, तेव्हा आपले विज्ञानशिक्षण मागे पडल्याची जाणीव अमेरिकेला झाली आणि १९६०च्या दशकात नवी पुस्तके आली.

त्या पुस्तकात आणखी काय होते?

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, धर्मग्रंथ चूक आणि विज्ञानाचे पुस्तक बरोबर. थोडे थांबा. स्कोप्सच्या शाळेत जे पुस्तक होते ते हंटर यांचे १९१४ सालचे 'सिव्हिक बायॉलॉजी'. टेनेसी राज्यानेच ते शाळांसाठी मंजूर केले होते. त्यात उत्क्रांतीचा पाठ होता. परंतु त्याच पुस्तकात मानवजातीचे पाच वंश सांगून गोऱ्या लोकांना सर्वांत वरचे स्थान दिले होते. काही गरीब व रोगग्रस्त घराण्यांना समाजावरील बांडगुळे ठरवून त्यांची प्रजा वाढू देऊ नये, असेही सुचविले होते. खटला त्या पानांसाठी भरला गेला नव्हता. पण आपल्यासारख्या वाचकाने ती पाने नजरेआड करून चालणार नाही. जन्मावरून माणसाची पायरी ठरविणारी विद्या आपल्या ओळखीची आहे.

ब्रायन यांचा विरोधही केवळ अंधश्रद्धेतून आलेला नव्हता. बलवानाने दुर्बळाला चिरडावे हाच निसर्गाचा नियम, असा उत्क्रांतीचा अर्थ लावला जाईल ही त्यांना भीती होती, आणि तसा अर्थ लावणारे लोक त्या काळी होतेही. परंतु एखाद्या सत्याचा कोणी दुरुपयोग केला म्हणून ते सत्य मुलांपासून लपविणे हा त्यावरील उपाय नव्हे. दुरुपयोग उघडा पाडणे हा उपाय होय.

हेच काम पूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात केले. जातिव्यवस्थेमुळे रक्ताची शुद्धता व वंशाची गुणवत्ता टिकते, असा विज्ञानाचा मुलामा दिलेला युक्तिवाद त्या वेळी केला जात असे. बाबासाहेबांनी तो तपासला आणि खोडून काढला. जाती म्हणजे निरनिराळे वंश नव्हेत, एकाच वंशाच्या लोकांचे ते सामाजिक तुकडे आहेत, हे त्यांनी दाखविले. त्यांनी विज्ञान नाकारले नाही. विज्ञानाच्या नावावर खपविलेली लबाडी नाकारली.

डार्विन स्वतः गुलामगिरीचा विरोधक होता. एडिंबरो येथे शिकत असताना पक्ष्यांच्या कातड्यात पेंढा भरण्याची कला त्याने जॉन एडमन्स्टन या गुलामीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय माणसाकडून पैसे देऊन शिकून घेतली. तरीही १८७१ सालच्या त्याच्या ग्रंथात त्या काळच्या युरोपीय अहंकाराची भाषा आढळते. ती आपण स्वीकारावयाची नाही. आजच्या विज्ञानानेही ती टाकून दिली आहे. आजचे विज्ञान सांगते की, सर्व माणसे एकाच जीवजातीची आहेत, त्यांचा उगम सुमारे तीन लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत झाला आणि कोणत्याही दोन माणसांचा डी.एन.ए. शेकडा ९९.९ इतका सारखा असतो. विज्ञानाची चूक विज्ञानाच्याच रीतीने दुरुस्त होते, ती अशी.

नाव बदलले, दावा तोच

१९६८ साली सुझन एपरसन या शिक्षिकेच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आर्कान्सा राज्याचा उत्क्रांतीबंदीचा कायदा रद्द केला. तेव्हा विरोधकांनी वाट बदलली. बायबलची कथा 'निर्मितीविज्ञान' या नावाने पुढे आली आणि उत्क्रांती शिकवाल तर तेवढाच वेळ हेही शिकवा, असे कायदे १९८१ साली आर्कान्सा आणि लुइझियाना या राज्यांनी केले.

आर्कान्सातील कायद्याविरुद्ध न्यायालयात कोण गेले? पहिले नाव एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे होते. त्याच्याबरोबर निरनिराळ्या पंथांचे बिशप आणि ज्यू संघटनाही होत्या. आपला देव खरा ठरविण्यासाठी विज्ञानाच्या तासाची गरज नाही, असे या श्रद्धाळू माणसांना वाटत होते. जानेवारी १९८२ मध्ये न्यायाधीश ओव्हरटन यांनी निकाल दिला. जे निसर्गाच्या नियमांनी समजावून देता येते, ज्याची कसोटी घेता येते, जे चूक असल्यास चूक ठरू शकते आणि नवा पुरावा मिळताच ज्याचा निष्कर्ष बदलता येतो, ते विज्ञान. 'निर्मितीविज्ञान' या कसोटीस उतरत नाही, असा त्याचा आशय होता. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने लुइझियानाचा कायदाही सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला.

पुढे तोच दावा 'बुद्धिमान रचना' या नावाने आला. जीवांची रचना इतकी गुंतागुंतीची आहे की मागे कोणीतरी रचनाकार असलाच पाहिजे, असे तो सांगतो. २००४ साली पेन्सिल्व्हेनियातील डोव्हर गावच्या शाळामंडळाने मुलांना या विचाराची ओळख करून देण्याचे ठरविले. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते निवेदन वर्गात वाचण्यास नकार दिला आणि अकरा पालक न्यायालयात गेले. तिथे एक गंमत उघडकीस आली. या मताच्या एका पाठ्यपुस्तकाचे जुने मसुदे काढून पाहिले, तेव्हा १९८७ च्या निकालानंतर 'निर्मितिवादी' हा शब्द खोडून तिथे 'रचनेचे समर्थक' असा शब्द घातलेला आढळला. डिसेंबर २००५ मध्ये न्यायालयाने हे विज्ञान नव्हे असा निर्णय दिला. त्याआधीच गावातील मतदारांनी जुन्या मंडळींना निवडणुकीत घरी बसविले होते.

आपल्या देशात

हा वाद परक्या देशाचा आहे, असे समजून निश्चिंत राहू नये. जानेवारी २०१८ मध्ये केंद्रातील शिक्षण खात्याच्या एका राज्यमंत्र्यांनी औरंगाबाद येथे (आजचे छत्रपती संभाजीनगर) डार्विनचा सिद्धांत चूक असून तो अभ्यासक्रमातून बदलावा, असे जाहीरपणे सांगितले. वानराचा माणूस होताना कोणी पाहिला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून त्यास उत्तर दिले. २०२३ साली 'एन.सी.ई.आर.टी.'च्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. मुलांवरील ओझे कमी करण्याचे कारण देण्यात आले. बारावीच्या जीवशास्त्रात तो भाग राहिला, परंतु दहावीनंतर जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलांचे काय? अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी पत्रावर सह्या करून याला विरोध केला. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ सालच्या दहावीच्या पुस्तकात मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पाठ होता.

डेटननंतर अमेरिकेत जे घडले ते आठवा. पुस्तकातील पाने गळताना आवाज होत नाही. म्हणून आपल्या मुलांच्या पुस्तकात काय आहे आणि काय नाही, हे पालकांनी पाहावयास हवे. सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देऊ नये, असे संविधानाचे २८ वे कलम सांगते. १९७६ साली जोडलेल्या ५१ क या कलमाने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकांचे कर्तव्य ठरविले आहे.

तथागतांची रीत

आता मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण श्रावस्तीला भगवान बुद्धांच्या संघात येऊ इच्छित होते. त्यांचे जातभाई त्यांची निर्भर्त्सना करीत: ब्रह्मदेवाच्या मुखातून जन्मलेले तुम्ही, श्रेष्ठ वर्ण सोडून कुठे निघालात? धर्मांतरानंतर नातेवाइकांची बोलणी ऐकणाऱ्या आपल्या घरांना हा प्रसंग परका वाटणार नाही. भगवंतांनी दिलेले उत्तर अग्गञ्ञ सुत्तात आहे. ब्राह्मणांच्या स्त्रियाही ऋतुमती होतात, गर्भ धारण करतात, प्रसूत होतात, मुलाला पाजतात, हे सर्वांना दिसते. मग मुखातून जन्म झाला हे कसे मानावे? भगवंतांनी एका पोथीविरुद्ध दुसरी पोथी आणली नाही. सर्वांच्या डोळ्यांसमोरचा पुरावा दाखविला.

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात भगवंत सांगतात की, गवत व झाडे, कीटक, चतुष्पाद, मासे, पक्षी यांच्यात जातीजातींची वेगळी चिन्हे दिसतात. माणसामाणसांत तशी चिन्हे नाहीत. मानवजात एक आहे. आजचे विज्ञान वेगळ्या वाटेने याच ठिकाणी पोचले आहे.

परंतु इथे एक सावधगिरी बाळगा. अग्गञ्ञ सुत्तात पुढे सृष्टीच्या आरंभाची एक कथाही आहे. तिचा आधार घेऊन "डार्विनचा सिद्धांत आमच्या बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितला" असे व्याख्यानातून सांगण्याचा मोह होतो. तो टाळा. आपली पोथी विज्ञानाच्या तासाला बसवू पाहणाऱ्या अमेरिकेतील मंडळींचीच ती चूक आहे, फक्त पोथी वेगळी. जग शाश्वत की अशाश्वत, या प्रश्नाचे उत्तर भगवंतांनी दिले नाही. विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत देऊन त्यांनी दुःख आणि दुःखमुक्ती यांकडे लक्ष वेधले. जीवजाती कशा बदलल्या हे जीवशास्त्राला विचारावे. माणसाने माणसाशी कसे वागावे हे धम्माला विचारावे.

मुलीला काय सांगाल?

तिला जवळ बसवा. "बेटा, पुस्तकातले बरोबर आहे, आणि ते का बरोबर आहे ते आपण पाहू" असे म्हणा. बोंडअळीचे उदाहरण द्या. ते तुम्हाला येत नसेल तर "मला नीट माहीत नाही, उद्या तुझ्या गुरुजींना विचारू" असे म्हणण्यात बापाला कमीपणा नाही. आजीचा अपमान होऊ देऊ नका. तिला कोणी शाळेत पाठविले नाही. तिला जे सांगितले गेले तेच ती सांगते. तिलाही त्याच चर्चेत बसवा. शेतातले बियाणे निवडून ठेवणारी, कोंबडीच्या पिलांतील फरक ओळखणारी आजी हा विषय तुमच्याआधी समजून घेईल.

आणि शेवटी एवढे सांगा: "जन्माने कोणी वरचा नाही, कोणी खालचा नाही. जे पुस्तक तसे म्हणेल, मग ते धर्माचे असो की विज्ञानाचे, त्याला पुरावा माग."

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. डेटनच्या खटल्यानंतर पाठ्यपुस्तकांचे काय झाले? त्यातून पालकांनी काय शिकावे?

२. सत्याचा दुरुपयोग झाला तर सत्य लपवावे काय? 'सिव्हिक बायॉलॉजी'च्या उदाहरणावरून सांगा.

३. अग्गञ्ञ सुत्तात भगवंतांनी कोणता पुरावा दिला? सुत्तातील कथेला विज्ञान म्हणणे का योग्य नाही?

४. तुमच्या मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात उत्क्रांतीचा पाठ आहे काय? या रविवारी पुस्तक उघडून सर्वांनी मिळून पाहावे.